ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला पिकअप घेताय? आधी दाराची कड वाचा

अमेरिकेत डेन्व्हरच्या आसपासच्या आमच्या मराठी मंडळींत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेणारी घरं वाढत चालली आहेत. उन्हाळा जवळ आला की मला फोन येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो: "ताई, हा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो म्हणे. आमचा ट्रेलर सात हजारांचा आहे. म्हणजे काही काळजी नाही ना?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. ट्रकचं दार उघडा आणि दाराच्या कडेला लावलेल्या स्टिकरचा फोटो पाठवा. तो बघितल्याशिवाय मी हो किंवा नाही काहीच सांगत नाही.

जाहिरातीतला मोठा आकडा असतो ओढण्याच्या क्षमतेचा, म्हणजे टो रेटिंगचा. पण ट्रेलरसाठी घेतलेले ट्रक सहसा ओढण्यात कमी पडत नाहीत, ते पाठीवर घेण्यात कमी पडतात. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. त्यातला एक वाटा पुढच्या दांड्यातून थेट ट्रकच्या मागच्या बाजूवर बसतो, त्याला टंग वेट म्हणतात. हा वाटा भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. गावाकडे बैलगाडी भरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांना गाडी आवरत नाही. ट्रेलरचंही तसंच आहे. टंग वेट दहा टक्क्यांच्या खाली गेलं की हायवेवर ट्रेलरची शेपटी डोलायला लागते, आणि ते डोलणं वाढत गेलं तर ट्रकलाही सोबत फिरवतं. म्हणून टंग वेट कमी करून ट्रक वाचवू, हा विचार मनात आणायचाच नाही. तो भार पेलणारा ट्रक घ्यायचा.

स्टिकर आणि बेरीज

ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर, लॉकच्या जरा खाली, पांढऱ्या-पिवळ्या रंगाचं एक स्टिकर दिसतं. टायरचा आकार, हवेचा दाब आणि वर एक ओळ: माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या, म्हणजे इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. हेच पेलोड. हा आकडा मॉडेलचा नसतो, त्या एका ट्रकचा असतो. कारखान्यातून त्यावर जे जे चढवलं ते वजा करून छापलेला असतो. त्यामुळे एकाच रांगेत उभ्या असलेल्या, दिसायला सारख्या दोन ट्रकांच्या पेलोडमध्ये काहीशे पौंडांचा फरक निघू शकतो. काचेचं मोठं छप्पर, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, गरम-गार होणाऱ्या चामड्याच्या सीट, मोठी चाकं, या सगळ्याचं वजन त्या आकड्यातून गेलेलं असतं. जितका ट्रक महाग आणि सजवलेला, तितकं पेलोड कमी, असंच बहुतेक वेळा दिसतं. डीलरकडे गेलात की विक्रेत्याशी बोलण्याआधी लॉटमध्ये फिरून दारांच्या स्टिकरांचे फोटो काढा. मी ज्यांच्याबरोबर जाते त्यांना आधी हेच काम लावते.

आता बेरीज करू. समजा हाफ टन ट्रक आहे (हे वर्गाचं नाव, वजन नव्हे), चार दारांची क्रू कॅब, फोर बाय फोर, स्टिकरवर १,४८० पौंड. ट्रेलर भरल्यावर ७,००० पौंड. टंग वेट साडेबारा टक्के धरलं तर ८७५. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे सळयांच्या ताणाने भार पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी जोडणी, स्वतःच जड असते, तिचे ९०. नवरा-बायको, दोन मुलं आणि उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आजी मिळून ५८०. मागच्या हौद्यात जनरेटर, कूलर, सायकली, पाचर ठोकळे, हत्यारांची पेटी, सगळं हात आखडून १५०. झाले १,६९५. ट्रक अजून जागचा हललेला नाही आणि दोनशेहून जास्त पौंडांनी मर्यादा ओलांडली आहे. हाच ट्रक जाहिरातीत अकरा हजार ओढतो आणि तो आकडा खोटा नसतो. फक्त आपल्या घरच्या पाच माणसांसाठी तो मोजलेला नसतो.

तो कसा मोजतात हे माहीत असलेलं बरं. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे-२८०७ नावाचं प्रमाण आहे. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ते सगळ्यांच्या आधी घेतलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या नंतर आल्या. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा चढ धरलेला आहे. बाहेर १०० अंश फॅरेनहाइट, एसी पूर्ण जोरात आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. चाचणी कडक आहे, त्यात वाद नाही. पण ट्रकमध्ये माणसं दोनच, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि टंग वेट ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्के. मुलं, आजी, सायकली यांचा त्यात हिशेब नाही. शिवाय जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा एखाद्या ठरावीक इंजिनाला, ठरावीक कॅबला आणि ठरावीक अ‍ॅक्सल रेशोलाच (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या प्रमाणाला) लागू असतो, आणि तो ट्रक तुमच्या गावच्या लॉटमध्ये बहुधा नसतो.

ट्रेलरच्या बाजूनेही अशीच एक मेख आहे. माहितीपत्रकात ड्राय वेट लिहिलेलं असतं. त्यात गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, पाणी, डीलरने बसवलेल्या वस्तू बऱ्याचदा धरलेल्या नसतात. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांच्या वर. गॅसचे दोन भरलेले सिलिंडर पाऊणशे पौंडांच्या आसपास, आणि तेही नेमके पुढच्या दांड्यावर, जिथे प्रत्येक पौंड ट्रकवर बसतो. त्यात आपलं स्वयंपाकघर. कुकर, लोखंडी तवा, स्टीलचे डबे, तांदूळ-पीठ घेतल्याशिवाय आपण कुठे निघतो? म्हणून ड्राय वेटवरून हिशेब करायचाच नाही. ट्रेलरच्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे भरलेल्या वजनाची कमाल मर्यादा असते. ती घ्या, तिच्या १३ टक्के टंग वेट धरा आणि मग ट्रक शोधा. ट्रेलरच्या माहितीपत्रकावर 'हाफ टनला चालेल' असं लिहिलेलं असलं तरी हीच बेरीज करा. तुमच्या घरात माणसं किती, हे छापणाऱ्याला ठाऊक नसतं.

यावरूनच क्रम ठरतो. आधी ट्रेलर, निदान त्याची लांबी आणि वजनाचा पल्ला, आणि मग ट्रक. ट्रक आधी घेतला की घरातल्या माणसांना पुरेल असा ट्रेलर निवडायची मोकळीक उरत नाही, आणि मग लोक स्वतःची समजूत घालत बसतात.

कुठल्या वर्गातला ट्रक

टॅकोमा, रेंजर, शेव्हीचा कोलोरॅडो असे मध्यम ट्रक कागदावर साडेसहा-साडेसात हजार पौंडांच्या आसपास ओढतात. मी त्यांना चार हजारांच्या आसपासच्या, दोघांच्या किंवा तिघांच्या छोट्या ट्रेलरपर्यंतच धरते. तिथे ते उत्तम आहेत आणि रोज ऑफिसला न्यायलाही सोपे जातात.

हाफ टन म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टुंड्रा. चार जणांचं कुटुंब आणि भरून साडेपाच-सहा हजारांचा ट्रेलर असेल तर नीट निवडलेला हाफ टन पुरतो. नीट निवडलेला म्हणजे स्टिकरवर १,७०० किंवा त्याहून जास्त, आणि कारखान्यातूनच आलेलं टो पॅकेज. मागे नुसती हिच आणि वायर लावून मिळालेला ट्रक वेगळा. पूर्ण पॅकेजमध्ये मोठं कूलिंग, सात पिनांचं सॉकेट, ट्रेलरचे ब्रेक चालवणारा, आत बसवलेला ब्रेक कंट्रोलर आणि लांब आरसे हवेत. कंपनीगणिक पॅकेजचं नाव आणि आतल्या वस्तू बदलतात, म्हणून प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघा. अ‍ॅक्सल रेशोही विचारा. ३.२१ आणि ३.९२ हे एकाच ट्रकमध्ये मिळणारे दोन रेशो असतील तर ट्रेलरसाठी मोठा आकडा घ्या.

त्यावर थ्री-क्वार्टर टन, म्हणजे एफ-२५० किंवा २५०० नावाचे ट्रक. भरलेला ट्रेलर सात हजारांकडे गेला, घरात पाच माणसं असली आणि डोंगरात जायचं असलं, तर माझ्या मते सरळ इथेच यावं. मी स्वतः याच वर्गातला पेट्रोल इंजिनाचा ट्रक चालवते. रिकामा असताना तो खडखडतो, वळायला जागा मागतो आणि पेट्रोलही जास्त पितो. पण मागचा अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर, चासी सगळंच एका पायरीने वरचं असतं. सोसाट्याच्या वाऱ्यात वायोमिंगमधून जाताना बाजूने अठराचाकी गेला की फरक हाताला कळतो. ट्रेलर हलतो, पण ट्रक जागेवर राहतो.

डिझेल घ्यायचं का, हा यापुढचा प्रश्न. लोकांना वाटतं, डिझेल म्हणजे जास्त ताकद, म्हणजे पेलोडही जास्त. इथेच घोळ होतो. डिझेल इंजिन काहीशे पौंडांनी जड असतं आणि या वर्गातल्या बऱ्याच ट्रकांची भरलेल्या एकूण वजनाची मर्यादा दहा हजार पौंडांवर बांधलेली असते. म्हणजे इंजिनाचं वाढलेलं वजन सरळ पेलोडमधून जातं. डिझेलवाल्या थ्री-क्वार्टर टनचं पेलोड कधी कधी चांगल्या हाफ टनच्या जवळ येऊन बसलेलं मी स्टिकरवर वाचलं आहे. डिझेल नवीन घेताना सुमारे दहा हजार डॉलर जास्त जातात, डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) भरत राहावं लागतं, आणि रोज दोन-तीन मैलांच्या फेऱ्यांसाठी ते इंजिन बनलेलंच नाही. उलट उतारावर इंजिनाच्याच जोरावर वेग आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक आणि उंचीवर न दमणारं इंजिन, हे त्याचे खरे फायदे आहेत. वर्षातून बरेच आठवडे डोंगरात जात असाल आणि ट्रेलर नऊ-दहा हजारांचा असेल तर घ्या. फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रकच्या हौद्यातच जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरचा, विचार असेल तर त्याहून वरच्या वर्गाकडे, वन टनकडेच बघा. तिथे भरलेल्या वजनाच्या १५ ते २५ टक्के भार ट्रकवर येतो.

इलेक्ट्रिक पिकअप ओढतात छान, पण मोठा ट्रेलर लावला की पल्ला जवळपास निम्म्यावर येतो आणि बहुतेक चार्जरपाशी ट्रेलर सोडल्याशिवाय उभंच राहता येत नाही. जवळच्या तळ्यावर जाणाऱ्यांना चालेल, लांब पल्ल्याला सध्या मी सुचवत नाही.

उंची, लांबी आणि टाकी

आम्ही कोलोरॅडोवाले उंचीबद्दल पुन्हा पुन्हा बोलतो त्याला कारण आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद हवेच्या विरळपणाने खाल्लेली असते, आणि नेमका तिथेच सर्वांत दमवणारा चढ. डेव्हिस डॅमचा तो प्रसिद्ध चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो. त्यामुळे आमच्याकडे टर्बो असलेल्या इंजिनाला मी झुकतं माप देते. माझ्यासारखं टर्बो नसलेलं मोठं इंजिन असेल तर चढावर उजव्या लेनमध्ये ४५ च्या वेगाने, ट्रकांच्या रांगेत शांतपणे जायची तयारी ठेवावी. इंजिन चार हजार फेऱ्यांवर ओरडतं, ओरडू द्यावं. ते त्यासाठीच बनवलेलं आहे.

चढापेक्षा उतार जास्त महत्त्वाचा आहे. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना सात टक्क्यांपर्यंत उतार आहेत आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीच्या चढत्या वाटा काढलेल्या आहेत. त्या वाटांच्या आधी तापलेल्या ब्रेकचा करपट वास कित्येकदा खिडकीतून आत येतो. ट्रक बघताना विक्रेत्याला विचारा की टो-हॉल मोडमध्ये (ट्रेलर ओढताना लावायच्या मोडमध्ये) उतारावर गिअर आपोआप खाली येतो का, आणि हाताने गिअर धरून ठेवता येतो का. ट्रेलरचा ब्रेक स्वतंत्रपणे दाबायची पट्टी डॅशबोर्डवर कुठे आहे तेही बसून बघा. ट्रेलर डोलायला लागला तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हळू काढायचा, ट्रकचा ब्रेक मारायचा नाही, आणि हाताने तीच पट्टी दाबायची. ती शोधावी लागत असेल, हात सहज पोहोचत नसेल, तर तो ट्रक तुमच्यासाठी नाही.

लांबीसाठी ट्रेलरवाल्यांत एक ठोकताळा चालतो. ट्रकचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ११० इंच असेल तर २० फुटी ट्रेलर, आणि पुढच्या प्रत्येक चार इंचांमागे एक फूट वाढवायचा. साडेपाच फुटी हौद्याच्या क्रू कॅबचा व्हीलबेस १४५ इंचांच्या आसपास असतो, म्हणजे साधारण २८ फूट. साडेसहा फुटी हौदा घेतला की तोच १५७ च्या जवळ जातो आणि ट्रक आणखी स्थिर होतो. हा नियम काही शास्त्र नाही, पण मी तो पाळते. मात्र घराचं गॅरेज आधी मोजा. या ट्रकांची लांबी १९ फुटांच्या पुढे असते आणि फोर बाय फोर थ्री-क्वार्टर टन सात फुटी दारातून जेमतेम आत जातो. सोसायटीच्या नियमांत ट्रेलर उभा करायला परवानगी आहे का, तेही आत्ताच वाचून घ्या.

टाकीकडे फार कमी लोक बघतात. आठ फूट रुंद आणि दहा-अकरा फूट उंच डबा वाऱ्यातून ओढताना गॅलनला आठ ते दहा मैलच मिळतात, मग ट्रक कुठलाही असो. २३ गॅलनची टाकी नऊच्या हिशेबाने दोनशे मैल देते, आणि काटा तळाला जाईपर्यंत कोणी थांबत नाही. यूटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना या शंभरहून जास्त मैलांच्या पट्ट्यात पेट्रोल पंप नाही. तिथे समोरून वारा असला की छोट्या टाकीवाले काट्याकडे बघत गाडी चालवतात. ३६ गॅलनचा पर्याय मिळत असेल तर चामड्याच्या सीट सोडा आणि तो घ्या.

काट्यावर खात्री

जुना ट्रक घेत असाल किंवा ट्रेलर आधीच दारात असेल तर कागदावरच्या हिशेबावर थांबू नका. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. रोजच्या सहलीसारखं सगळं भरा, सगळ्यांना गाडीत बसवा आणि काट्यावर जा. पुढची चाकं पहिल्या पाटावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. बटण दाबून किंवा फोनवरच्या अ‍ॅपमधून सांगितलं की वजनाची पावती मिळते. पहिल्यांदा वेट डिस्ट्रिब्यूशनच्या सळया न ताणता वजन करा, मग ताणून, आणि मग ट्रेलर बाजूला सोडून नुसत्या ट्रकचं.

समजा नुसता ट्रक ७,९०० पौंड भरला. ट्रेलर लावून, सळया सैल असताना ट्रकच्या दोन्ही अ‍ॅक्सलांवर मिळून ८,७९० आले, तर टंग वेट ८९०. ट्रेलरच्या चाकांवर ६,१८० असतील तर ट्रेलर एकूण ७,०७० चा आणि टंग वेट साडेबारा टक्क्यांच्या जरा वर. उत्तम. आता सळया ताणलेल्या पावतीत पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन बघा. ट्रेलर लावल्यावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग सैल वाटतं. सळया ताणल्यावर गेलेलं वजन बरंचसं परत आलं पाहिजे, किती ते ट्रकच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादाही दारावरच्या दुसऱ्या स्टिकरवर असते, तिच्याशी ताडून बघा. मर्यादेच्या आत आहोत पण अगदी काठावर, असं दिसलं तर मी तो ट्रक घेऊ देत नाही. ट्रेलरमध्ये सामान दर वर्षी वाढतं, आणि मुलंही वाढतात.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचने ट्रकचं पेलोड वाढतं, असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका. ती भार चाकांत नीट वाटते, स्टिकरवरचा आकडा बदलत नाही. एअर बॅग आणि जादा स्प्रिंगांचंही तेच. मागची बाजू उचलली जाते, ट्रक सपाट दिसतो, पण अ‍ॅक्सल, ब्रेक आणि टायर जुनेच राहतात.

शेवटी पैशांचं. ट्रकची किंमत ठरवताना चांगली हिच, कारखान्याचा नसेल तर ब्रेक कंट्रोलर, आणि हाफ टनवर गाडीचे मऊ टायर असतील तर एलटी, म्हणजे ट्रकचे जास्त भार पेलणारे टायर, एवढे पैसे आधीच बाजूला ठेवा. जुन्या ट्रेलरबरोबर आलेल्या टायरांची तारीखही बघा. टायरच्या भिंतीवर डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षांपूर्वीचे असतील तर नक्षी कितीही कोरी दिसू दे, पहिल्या लांब प्रवासाआधी ते बदलून टाका.